तेलाचा हात

आमच्या कंपनीत एकही दार करकरत नसे. मेन गेट, स्टोअरचं शटर, कॅन्टीनच्या कपाटाच्या बिजागऱ्या, इतकंच काय, लेडीज टॉयलेटची कडीसुद्धा एका बोटाने सरकायची. चाकणला एमआयडीसीत नोकरीला लागले त्या आठवड्यात मला याचं फार कौतुक वाटलं. म्हटलं, मालक भारी टापटिपीचे दिसतात. मालक कसले टापटिपीचे! त्यांच्या टेबलावर कालच्या चहाचे तीन-तीन कप वाळत पडलेले असायचे. दारांचं काम एका माणसाचं होतं, आणि ते त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं.

त्यांना सगळे हौदकाका म्हणत. हजेरीपटावर दुसरं नाव होतं, पण त्या नावाने कोणी हाक मारली तर ते मागे वळून बघत, आणखी कोण आलंय म्हणून. देहूरोडला लष्कराच्या वर्कशॉपात उभी नोकरी करून निवृत्त झालेले आणि मग आमच्याकडे वर्षावर्षाच्या मुदतवाढीवर आलेले. मूळ मावळातलेच. अंगाने काटकुळे, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, आणि खिशात पेन असायच्या जागी शिलाई मशीनबरोबर मिळते तसली लांब चोचीची तेलाची कुपी. दुसऱ्या खिशात मऊ फडकं. शर्टाच्या खिशाखाली तेलाचा एक पिवळट डाग कायम असे. काकूंनी म्हणे तो धुवायचा नाद कधीच सोडला होता.

"लोखंड तहानलेलं ठेवू न्हाई, आन् माणूस ताटकळत ठेवू न्हाई," हे त्यांचं ब्रीद. त्यामुळे सकाळी कंपनीची बस यायच्या अर्धा तास आधी ते तळेगावमार्गे आपल्या जुन्या स्कूटरवर येऊन गेटाला तेल देत उभे असत. मी कासारवाडीला भाड्याच्या खोलीत राहायचे. नाशिक फाट्यावर बस पकडून, भोसरी-मोशीच्या गर्दीत तासभर डुलक्या घेत यायचे. खाली उतरले की पहिला आवाज काकांचा: "झोप झाली का बीडकर?" मी बीडची. आमच्याकडे 'काय करायलाव' म्हणतात, याची त्यांना भारी गंमत वाटायची. कॅन्टीनमध्ये मी बोलायला लागले की ते मुद्दाम चहाचा घोट थांबवून ऐकायचे.

आता हौदाचं सांगते. शेडच्या मागे बारा फूट लांबीचा सिमेंटचा हौद होता. एका बाजूला जाड काच बसवलेली, आत बघता यावं म्हणून. आमची कंपनी छोटी, पण काम मोठं धरलं होतं. सैन्यातले पाणबुडे पाण्याखाली उतरून बंदरांची, जहाजांची राखण करतात, त्यांच्यासाठी पिस्तूल. पाण्याखाली चालणारं. साधी गोळी पाण्यात हात-दोन हातांत दमते, म्हणून या पिस्तुलात गोळीच्या जागी स्वेटर विणायच्या सुईसारखा लांब, बारीक पोलादी बाण असतो. बारूद, खरा बार, हे सगळं परवाना असलेल्या एका बड्या कंपनीच्या आवारात. आमच्याकडे फक्त पिस्तुलाचा सांगाडा आणि आतली सरकती यंत्रणा. ती पाण्यात अडखळत नाही ना, आणि जिथे पाणी शिरायला नको तिथे शिरत नाही ना, एवढं हौदात बघायचं. ते बघायचे काका.

बाहेर कोणाला बोलायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. विचारलंच तर 'पंपाचे पार्ट बनवतो' म्हणायचं. बाकीच्यांनी ते एका कानाने ऐकलं. काकांनी मात्र ते व्रत म्हणून घेतलं. कंपनीच्या आतही ते पिस्तूल हा शब्द उच्चारत नसत, 'मासोळी' म्हणत. घरी काकूंनाही पंपच सांगितलेलं. परिणाम असा झाला की देहूरोडला त्यांच्या गल्लीत पाण्याचा पंप बंद पडला की लोक यांच्या दारात. आणि पंपातलं यांना ओ की ठो कळत नव्हतं! "मग काय केलंत काका?" मी एकदा विचारलं.

"काय करनार? तेल दिलं."

"चालू झाला?"

"न्हाई. पर पंपाच्या खोलीचं दार आता वाजत न्हाई."

काकांना पोहता येत नसे. पाण्याची त्यांना चांगलीच धास्ती होती. हौदात वाकून काही बघायचं झालं की ते आधी कमरेला दोर बांधत आणि त्याचं दुसरं टोक नळाच्या पाइपाला. हौदात पाणी चार फूट. मिलिंग मशीनवरचे शकीलभाई हसून लोटपोट व्हायचे. ते एकदा म्हणाले, "अहो काका, उभे राहिलात तर छातीपर्यंत येईल तुमच्या."

"उभा राह्यलो तर ना? पडल्याला मानूस उभा कुटं असतो?" काका दोराची गाठ तपासत म्हणाले.

पण त्या हौदावर त्यांची श्रद्धा होती. जगातल्या कुठल्याही वस्तूची परीक्षा पाण्यात बुडवल्याशिवाय पुरी होत नाही, असं त्यांचं मत. कोणी नवीन घड्याळ घेतलं, डबा घेतला, पाण्याची बाटली घेतली की जेवणाच्या सुट्टीत काकांकडे यायचा. काका ती वस्तू हौदात धरून काचेतून डोळे बारीक करून बुडबुडे मोजत. एका विक्रेत्याने फोन वॉटरप्रूफ आहे अशी फुशारकी मारली, तेव्हा तो फोन काकांच्या हातात कधी गेला आणि हौदाच्या तळाशी कधी बसला हे त्या बिचाऱ्याला कळलंही नाही. बाहेर काढल्यावर फोन चालत होता, हे सांगायला हवं. विक्रेता मात्र बराच वेळ बसून होता.

माझ्या डब्याचीही त्यांनी परीक्षा घेतली होती. आईने बीडहून शेंगदाण्याची चटणी पाठवलेली, वर बोटभर तेल. ते तेल झाकणातून गळून माझ्या ड्रॉइंगवर सांडलं. काकांनी डबा हौदात बुडवला, बुडबुडे बघितले, झाकणातली वादी उपटून फेकली आणि पिस्तुलासाठी आणलेल्या, पण मापात न बसल्याने बाद झालेल्या रबरी कड्यांतली एक त्यात बसवून दिली. "मासोळीचं सील हाय बीडकर. समुद्रात घिऊन जा तुजा डबा." डबा गळायचा थांबला. महिन्याभराने मात्र झाकण इतकं घट्ट बसायला लागलं की उघडायला शकीलभाई लागायचे. आम्ही हसायचो आणि जेवायचो. त्याचं कारण शोधावं असं मला, पिस्तुलाचं सील ज्या बाईने निवडलं तिला, एकदाही वाटलं नाही.

हो, ते सील मीच निवडलं होतं. मी तेवीस वर्षांची, डिझाइनला, प्रोबेशनवर. बीडला वडिलांनी मला एक वर्ष दिलं होतं. कायम झाले तर राहायचं, नाहीतर परत. परत म्हणजे काय ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं, स्थळंही बघून ठेवली होती. शॉपमधले, म्हणजे मशीनवर काम करणारे, लोक पहिल्या महिन्यात मला मशीनजवळ उभं राहू देत नव्हते. त्यांच्या दृष्टीने मी ड्रॉइंग घेऊन येणारी पोरगी. काकांनी मला हाताला धरून, अगदी खरोखर हाताला धरून, पिस्तुलाच्या नळीच्या आतल्या पृष्ठभागावर माझं नख ठेवलं. "डोळं मीट. आता फिरव. कुटं अडलं?" अडलं होतं. डोळ्यांना न दिसणारा केसाएवढा ओरखडा होता. "हां. डोळं फसत्यात. नख फसत न्हाई." त्या दिवसापासून शॉपमधले लोक मला ड्रॉइंगमधलं काही अडलं की विचारू लागले, कारण काकांनी मला नख दाखवलं होतं. मला त्यांच्याबद्दल जे वाटायचं ते सांगायला 'आदर' हा शब्द कोरडा पडतो. त्या वर्षात त्या गावात माझं म्हणावं असं एकच माणूस होतं, ते हे.

काकांचा एक रिवाज होता. कंपनीतून कुठलीही वस्तू बाहेर पडायच्या आधी ते तिला स्वतःच्या हाताने तेलाचा हात देत. बाकी सगळं झालं, तपासणी झाली, शिक्के झाले, तरी काकांचं व्हायचं बाकी असे. याला शॉपमध्ये 'पाठवणी' म्हणत. कुपीतून दोन थेंब, मग फडक्याने हलकेच सगळीकडे, कान्याकोपऱ्यातसुद्धा, आणि तोंडाने पुटपुटणं: "जा बाय, नीट जा." टेम्पोवाला त्याशिवाय टेम्पो सुरू करत नसे. त्याला तो शकुन वाटायचा.

पहिल्या दोन मासोळ्या चाचणीसाठी जायच्या होत्या, त्या दुपारी मी पॅकिंगची यादी घेऊन खाली आले. सगळे जेवायला गेले होते. पॅकिंगच्या टेबलापाशी काका एकटेच होते आणि पाठवणी चालली होती. मासोळी हातात आडवी धरलेली, डोळे अर्धे मिटलेले. कुपीची चोच जिथे सील बसतं त्या खाचेत होती.

माझ्या ड्रॉइंगवर चौथी टीप होती: सीलला तेल लावू नये. इंग्रजीत, बारीक अक्षरांत, मीच लिहिलेली. मी निवडलेलं रबर पाण्याला, मिठाला, उन्हाला कशालाही दाद देत नव्हतं, फक्त तेलाशी त्याचं वैर. पुस्तकात तसं दिलं होतं, म्हणून मी ते लिहिलं होतं. माझं तोंड उघडलं. आणि मी ते मिटलं. चाळीस वर्षं लोखंड हाताळलेल्या माणसाला, ज्याने मला नख ठेवायला शिकवलं त्याला, तेल लावू नका असं मी सांगायचं? आणि खरं सांगायचं तर असंही वाटलं, दोन थेंबांनी काय होतंय. मी यादी टेबलाच्या कडेला ठेवली आणि जेवायला गेले.

मासोळ्या आठ दिवस पेटीत राहिल्या. मग त्या बड्या कंपनीच्या तलावात नौदलाच्या साहेबांसमोर चाचणी झाली. दोन्ही मासोळ्या अडकल्या. यंत्रणा अर्धी सरकली आणि तिथेच रुतली. बाण सुटलाच नाही. कोणाला इजा झाली नाही, पण चाचणी बघायला गेलेले आमचे मालक परत आले ते पांढरेफटक. साहेबांनी तिथे आवाज चढवला नव्हता म्हणे. एवढंच विचारलं, हे माझ्या माणसाच्या हातात असतं तर?

मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ड्रॉइंग समोर पसरलेलं. "सील कोणी निवडलं?"

"मी, सर."

"आपल्या हौदात चालत होतं ना?"

"चालत होतं, सर." खरंच चालत होतं. हौदात आम्ही जोडणी झाल्या झाल्या चालवायचो, कोरडी, तेलाचा हात लागायच्या आधी.

"सोमवारी ते लोक इथे येतायत. मला कारण हवंय. कारण नसेल तर मी सांगेन की नवीन मुलगी होती, तिने सील चुकीचं निवडलं. ऑर्डर तरी वाचेल. तुमचं काय ते तुम्ही बघा." ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते दमून बोलत होते.

त्या दुपारी डबा उघडता उघडेना. शकीलभाई रजेवर होते. मी झाकणाशी झटत होते, बोटं चटणीच्या तेलाने ओशट झालेली, आणि एकदम हात थांबला. झाकणात सील मासोळीचं होतं. मी सुरीने झाकण उचकटलं, कडी बाहेर काढली आणि नव्या कडीशेजारी ठेवली. माझी कडी फुगली होती. जेवण तसंच राहिलं.

कारण सापडलं, तर आनंद व्हायला हवा होता. मला रडू आलं. कारण सांगायचं म्हणजे काकांचं नाव घ्यायचं. मी कॅन्टीनमधून दोन वाट्या आणल्या. एकीत हौदाचं पाणी, दुसरीत काकांच्या टेबलावरच्या बरणीतलं तेल. दोन्हीत एकेक नवी कडी टाकली आणि वाट्या माझ्या कपाटात फायलींमागे दडवल्या. खात्री करून घ्यायची होती असं मी स्वतःला सांगत होते. खरं तर दिवस ढकलत होते.

शनिवारी संध्याकाळी काका माझ्या कपाटाच्या दाराला तेल द्यायला आले. दार उघडलं, फाइल सरकली, वाट्या दिसल्या.

"काय गं ह्ये? लोनचं घातलंस व्हय?"

"काही नाही काका. असंच."

त्यांनी आधी पाण्यातली कडी काढली, पुसली, डोळे मिटून नख फिरवलं. मग तेलातली. ती त्यांनी दोनदा फिरवून बघितली. खिशातून मासोळीचा एक सुटा भाग काढला, पाण्यातली कडी त्याच्या खाचेत बसवून बघितली. बसली. तेलातली बसवून बघितली. ती खाचेच्या वर आली. त्यांनी दोन्ही कड्या आपापल्या वाटीत परत ठेवल्या. माझ्याकडे बघितलं नाही.

"उद्या आयतवार," ते म्हणाले, "परवा बगू." आणि कपाटाच्या दाराला तेल न देताच गेले. जाताना गेटालाही दिलं नाही, हे वॉचमनने मला नंतर सांगितलं.

सोमवारी केबिनमध्ये मालक, बड्या कंपनीचे दोघे, नौदलाचे साहेब आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर मी. काकांना बोलावलेलं नव्हतं. मालक घसा खाकरून सुरू करणार एवढ्यात दार उघडलं, अर्थातच आवाज न करता, आणि कॅन्टीनचा ट्रे घेऊन काका आत आले.

"काका, चहा नंतर," मालक वैतागून म्हणाले.

"च्या न्हाई सायेब." त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला. ट्रेमध्ये माझ्या कपाटातल्या त्या दोन वाट्या. "ही पान्यातली. ही तेलातली. पोरीचं ड्रॉइंग बरूबर हाय. तिनं ल्हिलंया त्याच्यावर, सीलला तेल लावू नका म्हनून. मी लावलं. मला विंग्रजी वाचाय येतं, येत न्हाई असं न्हाई. पर मी वाचलंच न्हाई. चाळीस साल तेल लावत आलो, मला कोन सांगनार, असं डोस्क्यात व्हतं. ही चूक माजी हाय."

साहेबांनी दोन्ही कड्या बोटांत घेऊन दाबून बघितल्या. ते मराठीच होते. म्हणाले, "काका, तुम्ही बोलला नसतात तर आम्हाला कळलं नसतं. सील बदला म्हणून आम्ही निघून गेलो असतो."

"व्हय. आन् म्होरलं सील बी मी फुगवलं असतं. पान्याखाली मानूस एकला असतो सायेब. तितं त्येला कोन सांगाय जानार?"

साहेबांनी कागद पुढे ओढला आणि लिहिता लिहिता विचारलं, "पॅकिंगच्या वेळी आणखी कोण होतं? तुम्हाला कोणी थांबवलं नाही?"

मी खुर्चीत पुढे सरकले.

"कुनी नव्हतं," काका म्हणाले. "समदी जेवाय गेल्ती. मी एकलाच व्हतो."

आता बोल, आता बोल, असं मी स्वतःला सांगत राहिले. साहेबांचं लिहून झालं. कागदाची घडी झाली. चहा आला, खरा. मी चहा प्याले. आजही मला तो चहा आठवतो, फार गोड होता.

ऑर्डर राहिली. पुढच्या मासोळ्या कोरड्या गेल्या आणि चालल्या. पॅकिंगच्या टेबलावर मराठीत मोठ्या अक्षरांत पाटी लागली. काकांना काढा असं साहेब म्हणाले नव्हते, उलट जाताना त्यांच्याशी हात मिळवून गेले होते. पण महिनाअखेरीस मुदतवाढीचा कागद मालकांनी पुढे केला नाही. शाल झाली, नारळ झाला, हौदाजवळ फोटो झाला. फोटोत मी काकांच्या शेजारी आहे आणि जमिनीकडे बघते आहे. सगळे पांगल्यावर ते माझ्या टेबलाशी आले आणि खिशातली कुपी काढून ठेवली. "ही तू ठेव बीडकर. माज्या हातात नगं आता." मी मान हलवली. दुसऱ्या महिन्यात मी कायम झाले. वडिलांनी गल्लीत पेढे वाटले.

चार-सहा महिन्यांत कंपनीतली दारं बोलायला लागली. आधी स्टोअरचं शटर, मग गेट, मग माझं कपाट. कुपी माझ्या ड्रॉवरमध्ये होती. पण ती उचलायला माझा हात होत नव्हता. पुढे मी ती नोकरी सोडली, दुसरी धरली, लग्न केलं, वाकडला बाराव्या मजल्यावर घर घेतलं. तिथली दारं नव्या तऱ्हेची, करकरतच नाहीत. कुपी मात्र दर घरबदलीला माझ्याबरोबर आली. नवरा विचारायचा, ही कशाला? मी म्हणायचे, असू दे. काकांना भेटायला जायचं दर दिवाळीला ठरवायचे आणि दर दिवाळीला काहीतरी निघायचं. निघायचं कसलं, मी काढायचे. लाज होती, दुसरं काही नाही.

गेल्या महिन्यात शकीलभाईंचा फोन आला. "बीडकर, काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. नाव काढत होते तुझं. भेटून ये की राव." मी रविवारी सकाळी देहूरोडला गेले. पर्समध्ये कुपी होती.

त्यांच्या घरासमोर छोटं लोखंडी फाटक आहे. मी ते ढकललं आणि ते असं किंचाळलं की समोरच्या ओट्यावरचं मांजर उठून पळालं. मी तिथेच थांबले. पत्ता चुकला असं वाटलं. पण काकू बाहेर आल्या.

"ये गं बाय. ह्ये असंच बोंबलतं. कितींदा सांगितलं, तेल द्या, तेल द्या. घरात बाटल्या हायत्या. पर कंपनी सुटल्यापास्नं हात लावत न्हाईत. म्हंत्यात, माजा हात वंगाळ हाय."

मग माझ्या लक्षात आलं, घराचं दारही वाजलं होतं. आतल्या कपाटाची कडी गंजलेली होती. काका ओसरीवर बाजेवर बसले होते, शेजारी वॉकर. केस सगळे पांढरे. शर्ट अर्ध्या बाह्यांचाच, पण खिशाखाली डाग नव्हता. तो नसलेला डाग बघून माझा धीर सुटला.

"झोप झाली का बीडकर?" ते म्हणाले.

मी रस्ताभर वाक्यं जुळवत आले होते. त्यातलं एकही आलं नाही. मी त्यांच्या पायाशी बसले आणि म्हणाले, "काका, त्या दिवशी मी तिथं होते. पॅकिंगपाशी. तुम्ही तेल लावलेलं मी पाहिलं. मला ठाऊक होतं आणि मी बोलले नाही."

"मला ठावं हाय."

"तुम्हाला…?"

"तुजी चप्पल वाजायची. येतीया ते आयकलं, थांबलीस ते आयकलं, गेलीस ते बी आयकलं. मला वाटलं पोरगी भुकेजलीया." ते थोडं हसले. "वाट्या बगितल्या तवा कळलं का थांबली व्हतीस."

"मग साहेबांना खोटं का सांगितलंत? मी होते म्हणायचं ना!"

"चूक एक. तिला दोन मानसं कशापायी द्यायची? मी आज न्हाई उद्या जानारच व्हतो. तुजी तर सुरवात व्हती."

"चूक दोघांची होती काका," मी म्हणाले. मी रडत होते आणि काकू आतून पाणी घेऊन येऊन तशाच उभ्या होत्या. "तुम्ही वाचलं नाही आणि मी बोलले नाही. एकट्याचा हात कसा वाईट? अर्धी चूक माझी आहे. ती माझी मला द्या."

ते बाजेच्या सुंभावरून अंगठ्याचं नख फिरवत बसले. मी उठले, डोळे पुसले, पर्समधून कुपी काढली. तेल मी सकाळीच भरून घेतलं होतं. फाटकाशी जाऊन वरच्या बिजागरीला चोच लावली.

"किती टाकतीस?" मागून आवाज आला.

"एक थेंब."

"तितं कुटं रबर न्हाई ना?"

"नाही काका. नुसतं लोखंड आहे."

"नीट बगून सांग."

मी वाकून, बोट फिरवून, नीट बघितलं. "नाही."

"मंग अजून एक टाक."

मी टाकला. फाटक हलवलं. अजून किंचाळत होतं, पण निम्मंच. मागे वॉकरची खटखट ऐकू आली. काकू "अवं, डाक्टरनी सांगितलंय…" म्हणत मागे धावल्या. काका ओसरीची एक पायरी उतरून, माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. एक हात वॉकरवर ठेवला आणि दुसरा माझ्यापुढे केला.

"आन हिकडं."

मी कुपी त्यांच्या हातात दिली. खालची बिजागरी त्यांनी केली.